दुकानदाराने कादंबरी का वाचावी? या पावसाळ्यात वाचलेल्या आठ कादंबऱ्यांबद्दल माझं मत



आपल्या व्हिडिओंवर भांडवलाबद्दल जितकं विचारतात ना, तितकंच हेही विचारतात: "मॅडम, धंदा सुरू करायचा आहे, कोणतं पुस्तक वाचू?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असतं. श्रीमंत होण्याच्या सवयी, यशाची सूत्रं, पहाटे पाचला उठण्याचे फायदे, अशा नावाचं काहीतरी. ही पुस्तकं मीही वाचली आहेत. काहींचा उपयोग झाला. पण हल्ली मी उत्तर देते, "एखादी कादंबरी वाच." मग समोरून येतं, "काय जी मॅडम, टाइमपास काहून सांगता?"

म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. व्हिडिओत हे दहा मिनिटांत बसणार नव्हतं.

आधी टाइमपासचं बघू. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावी मंडप पडतात, लोक तिकीट काढून थंडीत रात्रभर नाटक बघतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि त्यांवर कलाकार, वादक, मंडपवाले, गाडीवाले, चहावाले अशा कितीतरी लोकांचं पोट चालतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकायला आपली माणसं खिशातून पैसे काढतात. गोष्टीला किंमत आहे हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. फक्त पुस्तकाच्या रूपात ती समोर आली की आपण तिला टाइमपास म्हणतो.

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे दुकानात दुपारचं गिऱ्हाईक कमी असतं. गावं बांधीत उतरलेली असतात. या वर्षी त्या वेळात आठ कादंबऱ्या झाल्या. ऐतिहासिक, ग्रामीण, भयकथा, भविष्यातली, सगळी मिसळ. काही जुन्या आहेत, पण मी आत्ता वाचल्या, त्यामुळे माझ्यासाठी ताज्याच. एक सांगून ठेवते, प्रत्येक कादंबरीतून 'पाच धडे' मी काढणार नाही. तसे काढायचे असतील तर कादंबरी वाचायची कशाला, यादीच वाचावी. मला काय आवडलं, काय खटकलं आणि काउंटरवर बसल्यावर काय आठवत राहिलं, तेवढंच सांगते.

वडाखालची पेटी

सुरुवात इंग्रजीतल्या एका कादंबरीने करते, कारण ती थेट आपल्या धंद्याची आहे. आर. के. नारायण यांची 'द फायनान्शिअल एक्स्पर्ट', १९५२ सालची. 'मालगुडी डेज' ही मालिका आठवते ना, तेच लेखक, तेच मालगुडी गाव. इंग्रजी एकदम सोपं आहे, बारावीच्या मुलालाही जमेल.

मार्गय्या नावाचा माणूस सहकारी बँकेच्या समोर वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो. खेड्यातून आलेल्या लोकांना बँकेचे फॉर्म मिळवून देणं, भरून देणं, कर्ज कसं काढायचं ते सांगणं, हा त्याचा धंदा. आजच्या भाषेत सांगायचं तर सेतू केंद्रवाला आणि एजंट यांच्या मधला कुणीतरी. बँकेची माणसं त्याला तिथून हाकलायला बघतात. मग एके दिवशी त्याचा लाडावलेला छोटा मुलगा बाळू हिशोबाची वही गटारात टाकतो आणि वहीसोबत धंदाही जातो.

पुढे त्याच्या हातात एक पुस्तक छापायचा हक्क येतो, त्यातून पैसा होतो. मग तो लोकांच्या ठेवी घ्यायला लागतो. व्याज वीस टक्के. घरात नोटांची पोती. लोक रांगा लावून पैसे आणून देतात. एक दिवस एका माणसाशी भांडण होतं, तो माणूस गावात कुजबुज सोडतो की यांच्याकडे पैसा सुरक्षित नाही. बस. त्याच रांगा परत येतात, या वेळी पैसे मागायला.

नारायण कुठेही उपदेश करत नाहीत. मार्गय्या लबाड आहे असंही म्हणत नाहीत. तो कष्टाळू आहे, मुलावर जीव टाकणारा आहे, आणि आपण किती मोठे झालो हे लोकांना दाखवायची त्याला भारी हौस आहे. वाचताना मला आपल्याकडचे दुप्पट पैशांचे किती चेहरे आठवले! विदर्भातल्या एकाही तालुक्याला हे नवीन नाही. आज ठेवींची अशी योजना बिनपरवाना चालवणं २०१९ च्या केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा माहीत असणारा माणूससुद्धा फसतो, कारण ठेव घेणारा चेहरा ओळखीचा असतो. ही गोष्ट नारायणांनी सत्तर वर्षांपूर्वी बरोबर पकडली. मार्गय्या फसवणारा वाटतच नाही, स्वतःलासुद्धा नाही.

बाया दुर्लक्षित आहेत, ही माझी तक्रार. मार्गय्याची बायको सगळं बघत असते, पण लेखक तिला फार बोलू देत नाही.

पानिपत: भुकेचा हिशोब

विश्वास पाटलांची 'पानिपत', १९८८. हिचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. जाड पुस्तक आहे, आणि खरं सांगते, वर्णनं काही ठिकाणी इतकी सजवलेली आहेत की मी पानं पुढे ढकलली. वीररस सतत चढलेला. पण एक धागा असा आहे की त्यासाठी मी पुस्तक हातातून सोडलं नाही. तो धागा अन्नधान्याचा.

१४ जानेवारी १७६१ ही तारीख सगळ्यांना पाठ असते. त्याआधीचे दोन-अडीच महिने कुणी बोलत नाही. मराठ्यांची फौज पानिपतावर अडकलेली होती. सोबत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त म्हणावेत इतका लवाजमा, त्यात उत्तरेकडची तीर्थं करायला निघालेले यात्रेकरू, बायाबापड्या. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला तेव्हा धान्य हाती आलं होतं, पण इतकी तोंडं असल्यावर ते किती दिवस पुरणार? दक्षिणेकडची वाट अब्दालीने अडवलेली. रसद पोचवण्याचा भार ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. समोर नजीबखानाच्या मुलखातून अब्दालीला धान्य मिळत राहिलं. लढाईच्या सकाळी जी फौज बाहेर पडली ती आधीच उपाशी होती.

ही कादंबरी वाचून मी शूरपणाबद्दल काही नवीन शिकले नाही. पण 'सोबत किती तोंडं आहेत' हा प्रश्न डोक्यात बसला. नवीन दुकान टाकणाऱ्याला मी आता विचारते: विक्री किती होईल ते सोड, विक्री न होता तू किती दिवस तग धरशील? भाडं, हप्ता, घरखर्च, पोरांची फी. त्यातली किती तोंडं धंद्याची आणि किती सोबत आलेली? चार महिने रस्ता बंद राहिला तर? आपल्या भागात तर पावसाळ्यात पूल पाण्याखाली जाऊन रस्ता खरंच बंद होतो.

रारंग ढांग

प्रभाकर पेंढारकरांची ही कादंबरी १९८१ ची. विश्वनाथ नावाचा मुंबईचा तरुण इंजिनिअर हिमालयात सीमेकडच्या रस्त्याच्या कामावर जातो. ढांग म्हणजे उभा कडा. कडा फोडायचा, रस्ता काढायचा, वर लष्करी शिस्त आणि खाली मजुरांचे जीव. कागदावरचा नियम एक सांगतो, समोरचा डोंगर वेगळंच सांगतो. विश्वनाथ डोंगराचं ऐकतो आणि त्याचा जाब त्याला द्यावा लागतो.

मला ही आठांत सगळ्यात वेगात वाचून झालेली. छोटी आहे, भाषा साधी आहे. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात घेतलं नाही त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी. नायक जरा जास्तच स्वच्छ आहे, त्याच्या मनात कधी हाव डोकावत नाही, हे मला पटलं नाही. पण कामाचं वर्णन किती छान करता येतं ते इथे बघा. सुरुंग लावणं, दगड हलवणं, भिंत बांधणं. मराठी कादंबरीत माणसं प्रेम करतात, भांडतात, मरतात, पण दिवसभर काम काय करतात ते क्वचित दिसतं. या मुद्द्यावर शेवटी परत येते.

भय आणि भविष्य

या दोन थोडक्यात.

नारायण धारपांची 'लुचाई' मी रात्री वाचायला घेतली आणि दुपारी संपवली, समजून घ्या. भयकथा वाचणं कमीपणाचं असतं असं ज्यांना वाटतं त्यांना माझा विरोध आहे. धारप, बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर यांनी मराठी माणसाला वाचनाची चटक लावली. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांची गर्दी या लोकांच्या नावावर जमायची. वाचक पान कधी उलटतो, कुठे थांबतो, हे त्यांना कळलं होतं. म्हणजे त्यांना त्यांचं गिऱ्हाईक माहीत होतं. याला मी तरी कमी लेखणार नाही.

दुसरी नंदा खरे यांची 'उद्या'. नागपूरचे लेखक, पेशाने इंजिनिअर. या कादंबरीला साहित्य अकादमी जाहीर झाली आणि त्यांनी २०२१ मध्ये तो पुरस्कार नाकारला, म्हणून नाव ऐकलं असेल. उद्याचं जग दाखवलंय: माणसांवर सतत पाळत, त्यांच्या माहितीचा बाजार, मोठ्या कंपन्यांची पकड. वाचायला अवघड आहे. बरीच पात्रं, बरेच धागे, मला पहिली पन्नास पानं दोनदा वाचावी लागली. पण आपल्या काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला आहे. कोण किती वाजता काय घेतो हे आपल्या वहीत नसलं तरी कुठेतरी नोंदवलं जातंय. ते आपल्या उपयोगाला येतं की दुसऱ्याच्या, हा प्रश्न दुकानदाराने विचारला पाहिजे. 'उद्या' उत्तर देत नाही, अस्वस्थ करून सोडते.

उंबरठ्याच्या आतला धंदा

आता विदर्भातल्या दोन कादंबऱ्या. दोन्ही मी एकापाठोपाठ वाचल्या, त्यामुळे डोक्यात त्या एकत्रच राहिल्यात.

उद्धव शेळके यांची 'धग', १९६०. अमरावतीकडची, संवाद सगळे वऱ्हाडीत. कौतिक ही बाई आणि तिचा नवरा महादेव, शिंपी. हातात कसब आहे, कामात मन नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावर भुलणारा. घर ओढते ती कौतिक. मोलमजुरी करून, पोटाला चिमटा काढून, पोरगा शिकला पाहिजे या एका हट्टावर. दुःख वाढतच जातं आणि शेळके वाचकाला कुठेही सूट देत नाहीत.

सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. बुलढाण्याकडची. एकनाथ शिकलेला आहे, शिक्षकाची नोकरी मिळत नाही कारण संस्थेला द्यायला पैसे नाहीत, म्हणून शेतीत अडकलेला. बायको अलका नोकरदाराच्या संसाराची स्वप्नं घेऊन आलेली. धाकटा भाऊ मधू वेगळीच वाट धरू पाहतो. बी-बियाणं, खत, पाऊस, भाव, कर्ज. एकाचंही गणित जमत नाही आणि त्याचा राग घरातल्या घरात एकमेकांवर निघतो.

माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्यांत बाया जास्त असतात. बचत गटातून कर्ज घेतलेल्या, शिलाई मशीन असलेल्या, पापड-मसाल्याचा विचार करणाऱ्या. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीनची किंमत असते, कच्चा माल असतो, नफा असतो. घर नसतं. नवऱ्याने गल्ल्यातून पैसे उचलले तर ते कुठल्या रकान्यात लिहायचे? सासू आजारी पडून महिनाभर मशीन बंद राहिलं तर? बँकेच्या फॉर्ममध्ये या प्रश्नांना जागा नाही. 'धग' आणि 'बारोमास' मध्ये दुसरं काहीच नाही, हेच आहे. आमच्या बीबीएच्या तीन वर्षांत मार्केटिंग, अकाउंट्स सगळं होतं. घरातल्या माणसामुळे धंदा कसा बसतो हे एकाही पेपरात नव्हतं. कौतिकच्या घरात ते पानोपानी आहे.

'बारोमास' बद्दल बरेच जण म्हणतात, फार निराश करते, वाट दाखवत नाही. हा आक्षेप मला मान्य नाही. वाट दाखवणं आमचं, ट्रेनर लोकांचं काम. लेखकाने काय दुखतंय ते नीट सांगितलं तरी पुष्कळ झालं. आणि शेतकऱ्याला उधार माल देणाऱ्या प्रत्येक कृषी केंद्रवाल्याने, किराणावाल्याने ही कादंबरी वाचावी असं मला मनापासून वाटतं. "पैसे बुडवतो" असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो त्याच्या घरात त्या आठवड्यात काय घडलेलं असतं, ते कळतं. उधारी द्यावी की नाही हा निर्णय तुमचाच, पण वसुलीला जाताना तोंडातले शब्द बदलतील.

आपल्याच जंगलातली

सगळ्यात शेवटी ठेवलेली, आणि जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले ती कादंबरी: विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. मनोहर हे हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात काम केलेले. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात सुरू केलेला प्रकल्प. त्यामुळे माडिया माणसांचं जगणं त्यांनी जवळून पाहिलेलं आहे.

जुरू नावाच्या माडिया तरुणाची ही गोष्ट. नाव वाचून वाटतं की बंदुका असतील, चकमकी असतील. पण लेखकाला त्याच्या आधीचं सांगायचं आहे: असा मुलगा तिथपर्यंत पोचतो कसा. त्याला जी जी बाहेरची माणसं भेटतात, जंगलखात्याची, पोलिसांची, ठेकेदारीतली, धंद्यावाली, त्यातली बहुतेक त्याच्याकडून काहीतरी काढूनच घेतात. हिंसेचं समर्थन मी करत नाही, कादंबरी वाचूनही ते मत बदललेलं नाही. नक्षलवादाने या जिल्ह्यांचं जे नुकसान केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. पण धंदेवाल्याला या कादंबरीत जी जागा मिळालीय, ती बघून दुकानदार म्हणून मला आत कुठेतरी लागलं.

यशाच्या पुस्तकात धंदा करणारा माणूस पहिल्या पानापासून नायक असतो. या कादंबरीत तो समोरून दिसतो. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला जसा दिसतो तसा.

आणि हे काही लेखकाने मनाने रचलेलं नाही. मिठाच्या बदल्यात चारोळी घेणारे व्यापारी या पट्ट्यात होते, हे जुन्या माणसांना विचारा. मोहाची फुलं स्वस्तात उचलायची आणि गरजेच्या वेळी तीच चढ्या भावाने विकायची. वजनात मारायचं. ज्याला आकडा वाचता येत नाही त्याला वहीत अंगठा द्यायला लावायचा. आज आपण यातलं काही करत नसू. पण चंद्रपूर-गडचिरोलीत तुम्ही नवीन दुकान उघडता तेव्हा शटरसोबत हा जुना हिशोबही उघडतो. गिऱ्हाईक काट्याकडे दोनदा बघतं, पुडा हातात तोलून बघतं, तेव्हा आपल्याला राग येतो: माझ्यावर भरोसा नाही का? त्याच्या आज्याने भरोसा ठेवला होता. त्याचं काय झालं ते या कादंबरीत आहे.

काळ बदललाय, हेही सांगायला हवं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. २०११ पासून ते गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. पोंभुर्ण्याच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबूचा व्यवहार करते. म्हणजे ज्याला आपण फक्त गिऱ्हाईक समजत होतो, तो आता विक्रेता झालाय. भाव काय असतो, वजन कसं होतं, पावती कशाला म्हणतात, हे त्याला माहीत आहे. जुन्या पद्धतीने धंदा करणाऱ्याला इथून पुढे या भागात जागा नाही. नीतीचं सोडा, नुसत्या हिशोबानेही नाही.

म्हणून मी ट्रेनिंगमध्ये चार गोष्टींचा आग्रह धरते. काट्याचं तोंड गिऱ्हाईकाकडे. भाव पाटीवर, मोठ्या आकड्यांत. उधारीची नोंद दोन ठिकाणी: एक आपल्या वहीत, एक गिऱ्हाईकाच्या छोट्या डायरीत, दोन्हीकडे त्याच वेळी. आणि गिऱ्हाईक गोंडी किंवा माडिया बोलणारं असेल तर निदान आकडे आणि वस्तूंची नावं त्याच्या भाषेत शिकून घ्यायची. कुणी विचारतं, "मॅडम, एवढं काहून?" आता मी त्यांच्या हातात ही कादंबरी देते.

आता माझी तक्रार

या सगळ्या वाचनात एक माणूस मला फारसा भेटला नाही. सचोटीने छोटा धंदा करणारा माणूस. मी वाचलेल्या मराठी कादंबऱ्यांत शेतकरी आहे, शिक्षक आहे, कारकून आहे, सैनिक आहे, सावकार तर हमखास आहे. धंदेवाला म्हटला की जाडा, शेंडीला गाठ मारणारा, व्याज लावणारा. का असा रंगवला, त्याचं कारण आत्ताच बघितलं, आणि ते खरं आहे. पण पूर्ण खरं नाही ना!

एसटी स्टँडवर पहाटे चारला पोह्याची कढई चढवणारी बाई. मोबाइल दुरुस्त करता करता अख्ख्या गावाचे फॉर्म भरून देणारा पोरगा. आठवडी बाजारात तीन गावं फिरून बांगड्या विकणारे नवरा-बायको. टाळेबंदीत उधारीवर गाव जगवलेले किराणावाले. यांच्या आयुष्यात काय कमी घडतं? कर्ज, भांडणं, मैत्री, फसवणूक, परत उभं राहणं. नारायणांना वडाखालच्या पेटीत अख्खी कादंबरी दिसली. आपल्याकडे प्रत्येक चौकात अशी पेटी आहे. चंद्रपुरात १९७९ ला आणि २०१२ ला अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली. लिहिणारे, वाचणारे या जिल्ह्यात भरपूर आहेत. काउंटरच्या आतून लिहिलेली, कामाचं वर्णन 'रारंग ढांग' सारखं नेमकं करणारी आणि 'एका नक्षलवाद्याचा जन्म' इतकी निर्भीड, अशी एखादी कादंबरी आपल्यापैकी कुणीतरी लिहावी, अशी माझी फार इच्छा आहे. आपल्या झाडीबोलीत लिहिली तर आणखी बरं.

कुठून सुरुवात करायची

सगळं एकदम विकत घ्यायला जाऊ नका. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या वाचनालयाचं सभासदत्व घ्या, वर्षाचा खर्च एका पुस्तकाच्या किमतीपेक्षा कमीच असतो. पहिली 'रारंग ढांग', कारण सोपी आहे. मग 'एका नक्षलवाद्याचा जन्म', कारण आपली आहे. इंग्रजीची भीती नसेल तर मार्गय्या. 'धग' आणि 'बारोमास' मन थोडं घट्ट असेल त्या दिवसांत. 'पानिपत' ला महिना द्या. 'उद्या' शेवटी. 'लुचाई' कधीही, फक्त दुकान बंद करून एकटे घरी जाताना आठवणार नाही असं बघा!

आणि वाचताना वहीत धडे लिहू नका. वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसा आणि येणाऱ्या पहिल्या दहा माणसांकडे नीट बघा. कोण घाईत आहे, कोण लाजतंय, कोण पैसे मोजून मोजून देतंय, कोण तुमच्या काट्याकडे बघतंय. तुम्ही त्यांना काय दिसत असाल, एवढा एक विचार करून बघा.

पुढच्या व्हिडिओत उधारीची दोन डायऱ्यांची पद्धत प्रत्यक्ष दाखवणार आहे, नमुना पानासकट. तोपर्यंत तुम्ही वाचलेली, दुकानदार किंवा धंदेवाला नायक असलेली एखादी मराठी कादंबरी असेल तर नक्की कळवा. पुढच्या पावसाळ्याची यादी मला आतापासून करायची आहे.